सुशोभित कोड

ब्लॉग चालवणाऱ्या वर्डप्रेसला सौंदर्यदृष्टी असते आणि तिचा पहिला बळी कोड. तुम्ही सरळ अवतरणचिन्हे टाइप करावीत, त्याने ती लग्नपत्रिकेतल्यासारखी वळणदार करून दाखवावीत. तुम्ही दोन हायफन द्यावेत, त्याने त्यांचा एकच लांबडा डॅश करावा. वाचक तो कोड उचलून चालवतो आणि उत्तर येते, सिंटॅक्स एरर. संगणक अरसिक, दुसरे काय!

पायथॉनची दैना तर विचारूच नका. त्या भाषेत ओळीआधीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो. एचटीएमएल मात्र ती जागा सरळ गिळून टाकते. खुद्द एचटीएमएल शिकवायला जावे, तर ब्राउझर टॅग दाखवण्याऐवजी त्याची आज्ञा पाळून मोकळा होतो. 'असे लिहा' याच्यापुढे कोरी जागा!

उपाय आहे. 'प्री' आणि 'कोड' या टॅगांच्या आत ही सजावट थांबते. २०१८च्या वर्डप्रेस ५.०पासून तर कोडचा आयता ब्लॉकच मिळतो. पण तो शोधायचे कष्ट कोण घेणार? त्यापेक्षा कोडचा स्क्रीनशॉट बरा. एक अक्षर बिघडत नाही आणि कुणाला कॉपीही करता येत नाही. चोख बंदोबस्त!