पुण्याला किती गुण?

युद्धपटावर पुण्याच्या घराला किती गुण द्यावेत? पाच. फार तर सहा. वीस मुळीच नाहीत. पुणेकरांनी आधी इतिहास बघावा, मग खुशाल भांडायला यावं.

निमित्त घडलं सदाशिव पेठेतल्या एका घरात. जेवणाच्या टेबलावर १७२८ची मोहीम मांडलेली. षटकोनी घरांचा हाताने रंगवलेला नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे, गुणांचा कागद. नकाशा कॉलेजातल्या मुलांनीच केलेला, नियमही त्यांचेच. निजाम खेळणाऱ्याने पुणं घेतलं आणि लगेच म्हणाला, "अरे, वीस गुण लिही माझे." नियम तसाच होता. बाजीरावांच्या सोंगट्या तेव्हा गुजरातेत होत्या. वीस गुण परत मिळवायचे म्हणून त्या तडक पुण्याकडे धावल्या, वाटेत घोडदळ झिजलं आणि उरलंसुरलं निजामाच्या तोफखान्यापुढे संपलं. पालखेड आलंच नाही. मुलं हुशार होती, मनापासून खेळली. खोट गुणांच्या कागदात होती.

प्रत्यक्षात काय घडलं? निजामाने पुणं घेतलं. कोल्हापूरच्या संभाजीराजांना तिथे छत्रपती म्हणून पुढे केलं. शाहू छत्रपती आणि चिमाजी अप्पा पुरंदरावर गेले. गुणांच्या कागदावर याहून मोठा पराभव नाही. बाजीराव मात्र पुण्याकडे फिरकले नाहीत. त्यांनी घोड्यांची तोंडं औरंगाबादेकडे, निजामाच्याच घराकडे वळवली. आता धावायची पाळी निजामाची होती. धावायचं तर जड तोफा मागे टाकायच्या, आणि त्या त्याने टाकल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला तो घेरला गेला. रसद तुटली, पाणी तुटलं. ६ मार्च १७२८ला मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू छत्रपतींचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क निजामाने कबूल केले आणि संभाजीराजांची बाजू सोडली. मोठी रणकंदनाची लढाई झालीच नाही. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची तारीफ केली, ती हालचालींच्या चपळाईसाठी.

बाजीरावांचं उद्दिष्ट होतं निजामाकडून हक्क कबूल करून घेणं. पुणं राखणं हे उद्दिष्ट नव्हतंच. पुण्याला वीस गुण देणारा पट बाजीरावांना पालखेडच्या आधीच हरवतो. इतिहासातली सर्वोत्तम चाल ज्या खेळात तोट्याची ठरते, तो खेळ ऐतिहासिक नाही. त्यावर फक्त ऐतिहासिक नावं छापलेली आहेत.

संगणकावरही तेच. 'एम्पायर: टोटल वॉर' या २००९च्या खेळात मराठे घेऊन खेळता येतं, याचा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! पण तिथे मोहीम जिंकायची तर ठरलेल्या सालापर्यंत ठरलेले प्रांत मुठीत पाहिजेत. मुलूख धरून बसाल तर जिंकाल. मराठ्यांची अर्धी लढाई मुलूख सोडून देण्याच्या हिमतीवर झाली, तिला तिथे खातंच नाही.

१७२८ हा अपवाद होता, असं कुणी म्हणेल. मग १७६३ घ्या. निजाम अली नागपूरकर जानोजी भोसल्यांना सोबत घेऊन पुण्यावर आला. शहर लुटलं, जाळलं. आता पुणं नुसता कसबा नव्हता, पेशव्यांची राजधानी होती. तरीही माधवराव पेशवे आणि त्यांचे काका राघोबादादा राजधानीसाठी उलटे धावले नाहीत, ते निजामाचाच मुलूख तुडवत राहिले. जानोजींना फोडून परत आणलं आणि १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाची अर्धी फौज नदीपार झालेली असताना मागची अर्धी गाठली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला.

तिसरी खेप १७७९ची. इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून वर आली. लढणारे चार हजारांच्या आत, बैल मात्र एकोणीस हजार. चाल दिवसाला कोसभरही नाही. मराठ्यांनी समोरासमोर गाठायची घाई केली नाही. गवत जाळलं, दाणा हलवला, रसदेची वाट कापली, रोज थोडं थोडं कुरतडलं. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपला इष्टुर फाकडा, पडला. तळेगावला इंग्रज पोचले तेव्हा गाव जळलेलं होतं. वेळ आली तर पुणंही जाळायचं, पण शत्रूच्या हाती धान्याचा दाणा लागू द्यायचा नाही, अशी दरबाराची तयारी होती. पुण्यापासून दोन मजलांवर येऊन इंग्रज ११ जानेवारीच्या रात्री मागे फिरले. जड तोफा तळ्यात टाकल्या. वडगावला कोंडले गेले आणि तहावर सही करून मोकळे झाले. कंपनीने पुढे तो तह मानला नाही, हेही लिहून ठेवायला हवं. पण पुण्यात राघोबादादांना बसवायचं त्या मोहिमेचं उद्दिष्ट वडगावलाच मेलं.

तीन मोहिमा, तीन पिढ्यांचे कारभारी, आणि प्रत्येक वेळी पुणं हे सोसता येण्याजोगं नुकसान. म्हणून म्हणतो, पाच गुण पुरे.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. घराला पाच गुण म्हणजे घरातल्या माणसांना पाच गुण नव्हेत. १७६३ साली ज्यांची घरं जळली, ज्यांनी पोराबाळांना घेऊन सिंहगडाची वाट धरली, त्यांची सोंगटी कुठल्याही पटावर नसते. नुकसान म्हटलं की आपण मेलेले शिपाई मोजतो. बहुतेक खेळ तेवढेही मोजत नाहीत. सोंगटी उचलायची, डबीत टाकायची, पुढच्या लढाईला ती ताजीतवानी पुन्हा पटावर. माझं भांडण सगळ्यात जास्त आहे ते या डबीशी.

आता पानिपत घ्या. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांनी ऑगस्ट १७६०मध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला. गुणांनी खेळणारा खेळाडू सांगेल, भाऊसाहेब जिंकतायत. १३ जानेवारी १७६१च्या रात्रीपर्यंत सांगेल. दरम्यान अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मधे येऊन बसला, हे त्या कागदावर दिसतच नाही. दिसत नाहीत ते यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे, जे खात होते आणि लढू शकत नव्हते. दिसत नाही ती अडीच महिन्यांची उपासमार. १४ जानेवारीला फौज लढायला बाहेर पडली ती उद्दिष्ट गाठायला नाही, भुकेला पर्याय उरला नाही म्हणून. नकाशावरची दोन घरं जिंकून मोहीम हरता येते, याचा याहून कडू पुरावा आपल्याकडे नाही.

पुढे नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली ती सावकारी भाषेतली चिठ्ठी सगळ्यांना माहीत आहे. भाऊसाहेब आणि विश्वासराव मोत्यांच्या हिशेबात, मोठे सरदार मोहरांच्या हिशेबात, आणि बाकी सगळी फौज रुपये-खुर्द्याच्या हिशेबात, तीही मोजदादीपलीकडची. नानासाहेब त्या धक्क्यातून उठले नाहीत. २३ जून १७६१ला पर्वतीवर गेले. मी ती चिठ्ठी वाचतो तेव्हा मोत्यांपाशी थांबत नाही, खुर्द्यापाशी थांबतो. आपल्या सगळ्या युद्धखेळांनी ती चिठ्ठीच नियम म्हणून उचलली आहे. सेनापतीची सोंगटी रंगीत, नावानिशी. शिपायांची एकसारखी, बिननावाची, हवी तितकी. हे बदललं पाहिजे.

मोहिमेच्या खेळाला शोभेल असा नियम एकच: आजचं नुकसान उद्याच्या डावात गेलं पाहिजे. 'पॅन्झर जनरल' या १९९४च्या संगणकी खेळाने ते नीट केलं होतं. तुमची मूळ पथकं एका लढाईतून दुसरीत जायची. एका गावासाठी अनुभवी पथक जाळलंत तर पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामी नाही तर नवखी. त्याच्याही आधी, १८२४मध्ये, प्रशियाच्या राइसविट्झने लष्करी अधिकाऱ्यांसाठी जो युद्धखेळ बांधला त्यात लेखी हुकूम पंचाकडे द्यावे लागत आणि नुकसान फाशाने व तक्त्याने ठरे. आधी लिहून द्या काय मिळवायचंय, मग सोंगटी हलवा. दोनशे वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते आज रंगीत खोक्यातले खेळ विसरतात, आणि मग शेवटच्या डावात खेळाडू सगळी फौज आगीत लोटतो. उद्या नसतोच, तर राखायचं कशासाठी?

खऱ्या मोहिमेत उद्या असतो. पानिपतातून कोण वाचलं ते बघा. पायाला कायमची जखम घेऊन महादजी शिंदे वाचले. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणीस वाचले. १४ जानेवारीच्या संध्याकाळी या दोघांना कुठल्याही पटावर एकही गुण मिळाला नसता. दहा वर्षांत महादजींनी दिल्ली परत घेतली. अठरा वर्षांनी वडगावच्या वेळी दरबारात नाना होते आणि रणात महादजी. उलट बाजूही बघा: पानिपतावर जी माणसं आणि जो दरारा गेला, त्यामुळेच निजाम अलीला १७६३मध्ये पुण्यावर येण्याची हिंमत झाली. वाचलेलं आणि गेलेलं दोन्ही पुढे चालतं. एकाच लढाईवर पडदा पाडणारा खेळ हे शिकवू शकत नाही.

आपल्या फौजेला हा हिशेब आतूनच ठाऊक होता. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा मेला तर त्याची रोजीरोटी गेली. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. म्हणून शिलेदार कुठे घुसायचं आणि कुठून निघायचं याचा विचार करूनच पाऊल टाकणार. यात भित्रेपणा नाही. उद्याही लढायचंय, याचं ते भान आहे. पटावर या दोघांना एकच सोंगटी देणाऱ्याने मराठी फौज समजून घेतलेली नाही.

शिवाजी महाराजांनी १६६५मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. गुणांनी मोजाल तर दाणादाण. पण फौज राहिली, माणसं राहिली, राज्य राहिलं. फेब्रुवारी १६७०मध्ये कोंढाणा परत आला, पाठोपाठ पुरंदर. कोंढाण्यावर तानाजी गेले. गड आला पण सिंह गेला, या एका म्हणीत मिळकत आणि नुकसान दोन्ही मांडलेली आहेत, आणि मिळकतीच्या आनंदात नुकसान बुडवलेलं नाही. चार वर्षांनी नेसरीला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानावर तुटून पडले. त्या शौर्यापुढे मान झुकतेच. पण सेनापती गेला आणि खान तसाच राहिला, हेही खेळाने तितक्याच स्पष्टपणे दाखवलं पाहिजे. शौर्याचा आदर आणि मोहिमेचा हिशेब एकमेकांचे वैरी नाहीत.

आणि १८१७? १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुणं याआधीही शत्रूच्या हाती गेलं होतं. या वेळी फरक असा की दुसऱ्या बाजीरावांपाशी फौज होती, बापू गोखल्यांसारखा सेनापती होता, पण त्या फौजेने काय मिळवायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. साडेसहा महिने फिरून ३ जून १८१८ला ते इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. शहर गेल्याने राज्य बुडालं नाही. उद्दिष्ट नसल्याने बुडालं.

तेव्हा पुण्यात बसून युद्धखेळ बांधणाऱ्या तरुणांनो, एवढं करा. उद्दिष्ट खेळ सुरू होण्याआधी चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाला, आणि ते शहर नसून तह असू शकतं, हे नियमात लिहा. नुकसान पुढच्या डावात न्या. बैल, घोडे, बुणगे, जळलेल्या घरातली माणसं यांना पटावर जागा द्या, आणि त्यांच्या नावे गुण कापा. आकडे मनाने टाकू नका. पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद याच शहरात, पुराभिलेखागारात आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडलेले ४५ खंड छापलेले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून उभं आहे. मोडी शिका, तिथे जा आणि फौजेच्या हिशेबाचे कागद उघडा. तुमच्या नुकसानीचा तक्ता तिथून तयार झाला पाहिजे.