पान्यावर उभा

मला न्यूटन-मीटर, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचं माप, कळतं, ही माझी जुनी घमेंड. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा आमच्या सोसायटीत मी एकटाच. बाकीच्यांनी त्यात पीयूसीच्या पावत्या ठेवल्यात. त्यामुळे नवे टायर बसवताना गॅरेजमधल्या पोराने हवेची गन उचलली, तेव्हा मी काचेच्या आतून, हातातली फुकटची कॉफी सावरत ओरडलो, ‘‘शंभर हं, शंभरच!’’ पोराने खुशीत मान डोलावली. त्याला वाटलं, मी टिपेचा आकडा सांगतोय.

पुढचा अंक भंडारदऱ्याजवळ शेंडी-रतनवाडी रस्त्यावर, मुतखेलच्या पुढे, भर आषाढात. टायर पंक्चर. जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे असतात. (मॅन्युअल!) पाना चढवला, जोर लावला. नट ढिम्म. मग मी पान्यावर उभा राहिलो. माझं वजन बहात्तर किलो. फूटभर पान्याच्या टोकाला बहात्तर किलो म्हणजे दोनशेच्या वर न्यूटन-मीटर, लागतात त्याच्या दुप्पट. तेव्हा नट सुटायलाच हवा, असं मी वरूनच बायकोला समजावलं.

‘‘मला काय सांगतोस? नटाला सांग,’’ ती म्हणाली आणि तिने काच वर केली.

भंडारदऱ्याला पावसाळ्यात एकांत शोधायला जाणाऱ्यांनी एकदा रस्त्याकडेला पान्यावर उभं राहून पाहावं. दर गाडी थांबते. दर गाडीतून एक मुंडकं बाहेर येतं आणि तोच प्रश्न विचारतं, ‘‘डावीकडे फिरवताय ना?’’ माणसाच्या शिक्षणाचा, वयाचा, पांढऱ्या केसांचा इतका थोडक्यात अपमान दुसऱ्या कुठल्या वाक्याने होत नसेल.

शेवटी आवणी आटोपून परतणारे एक बाबा थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. नटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘‘पाईप आणतो’’ म्हणून वस्तीकडे वळले.

ते येईपर्यंत इथल्या धरणाबद्दल सांगतो. मला ते सांगायला आवडतं, आणि बायकोने काच वर केल्यामुळे श्रोते तुम्हीच उरलात. प्रवरेवरचं हे धरण 1910 मध्ये बांधायला घेतलं आणि 1926 मध्ये पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची 82 मीटर, सगळं दगडी काम. छत्री धबधब्यासमोर सेल्फी काढणाऱ्यांनी मान जरा वर करून ती भिंत पाहावी. पण माझ्या आवडीचा भाग पुढचा. 1969 मध्ये या भिंतीला तडे गेले, गळती वाढली. ती आवरायला पोलादी केबल ताणून बसवल्या आणि पुढे भिंतीला खालच्या अंगाने भक्कम टेकू बांधले. केबलला ताण द्यायचा तो हिशेबाने, मोजून. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर केबलच जाणार. एवढं पाणी मागे थोपवलेलं असताना तिथे कुणी ‘‘असू दे, अजून जरा टाईट मार’’ म्हणालं नसणार.

चाकाच्या नटाचं गणित हेच. नट आवळला की आतला स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा मागे ओढत चाकाला धरून ठेवतो. ताणाची हद्द ओलांडली की तो कायमचा लांबतो, धरायचं सोडतो, नाहीतर आटे सोलतात. म्हणजे फार घट्ट केलेलं चाकच एक दिवस सैल होतं. ब्रेकची डिस्क वाकडी होते ती वेगळीच. फूटभर पान्यावर तीस-पस्तीस किलोंचा दाब दिला की झाले शंभर. धडधाकट माणसाच्या हाताला ते सहज जमतं. गन मात्र घोडा दाबून धरला की शंभर केव्हाच मागे टाकते.

गॅरेजमधल्या त्या पोरावर माझा राग नाही. त्याच्यामागे गाड्यांची रांग आणि मालकाचा डोळा. राग आहे तो काचेच्या अलीकडच्या एसीचा, टीव्हीचा, कॉफीच्या मशीनचा. या तिघांना पैसे मिळाले आणि मोजून नट आवळणाऱ्या टॉर्क रिंचला मिळाले नाहीत. मी निदान दिवसाउजेडी होतो, गावाजवळ होतो. रात्री कसाऱ्याच्या घाटात एखादी बाई लेकरं घेऊन अशी अडकली, तर डिकीतली स्टेपनी तिच्या काय कामाची? चाक आहे, जॅक आहे, पाना आहे, आणि नट सुटत नाही. स्टेपनीची ही मदत तिच्याकडून एका गनने आधीच काढून घेतलेली असते, तीही ‘‘एकदम टाईट केलंय मॅडम, काळजीच नको’’ असं सांगून.

बाबा मीटरभर लोखंडी पाईप घेऊन आले. तो पान्यावर सरकवला आणि एका हाताने रेटला. नट असा काही किंचाळला की बायकोने काच खाली केली. बघता बघता चारही सुटले. स्टेपनी चढली.

‘‘आवळायला बी पाईप लावू?’’

‘‘नको नको!’’ मी धावलो, आणि त्या पावसात त्यांना न्यूटन-मीटर समजावलं. लांबी, वजन, गुणाकार, सगळं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘म्हंजी हातानं, बेतानं.’’

‘‘...हो.’’

मी शंभराची नोट पुढे केली. ‘‘शंभरच का?’’ म्हणून ते हसले, आणि घेतली.

तेव्हा नवे टायर बसवलेत की गॅरेजच्या दारातच डिकीतला पाना काढा, एकेक नट सोडवून पाहा आणि हातानेच पुन्हा आवळा. सुटला नाही तर तिथेच बोंब मारा, रांग थांबली तरी चालेल. शे-पन्नास किलोमीटर झाले की परत एकदा तपासा. आणि मीटरभर पाईप डिकीत टाकून ठेवा, फक्त सोडवण्यासाठी.