दहा लेकरांची माय

रशियाने 2022 साली स्टालिनच्या काळातला किताब पुन्हा बाहेर काढला. दहा लेकरं वाढवणाऱ्या बाईला 'मदर हिरोईन' ही पदवी, वर दहा लाख रूबल! हीच माउली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, समजा घाटंजीत किंवा झरी-जामणीत असती, तर? सरपंच व्हायला निघाली असती तर अर्ज छाननीतच बाद. कारण 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनाच्या वर अपत्यं गेली, तर ग्रामपंचायतीचं दार बंद. मातृवंदना योजना पहिल्या लेकराला पाच हजार देते. दुसऱ्याला सहा हजार, पण मुलगी झाली तरच. तिसऱ्यापासून मातृत्व वंदनीय राहत नाही.

तिकडे आंध्राने 2024मध्ये दोन अपत्यांची अट काढून टाकली. तिथले मुख्यमंत्री चंद्राबाबूंना आता तरुण माणसं कमी पडताहेत. म्हणजे माणसं कमी पडली की बाई वीरांगना, जास्त झाली की अपात्र. तिला किती लेकरं हवीत, हे मॉस्को विचारत नाही, मुंबईही नाही. तिसरं होतं ते बहुधा सासूला नातू हवा म्हणून; सदस्यत्व जातं सुनेचं. सासूला अपात्र ठरवणारं कलम अजून कोणाला सुचलेलं नाही.