टर्बो निवू दे

नवी गाडी घेतली की पेढे मागणारे पुष्कळ येतात. आमचे नाना पेढा हातात तसाच धरून म्हणतात, "बॉनेट उघड."

असा नाना तुमच्याही आळीत असणारच. कुठे गुडघ्यांचा असतो, कुठे म्युच्युअल फंडांचा. आमच्या श्रीवर्धनला इंजिन ऑइलचा आहे. मुलाने टर्बो पेट्रोल गाडी घेऊन दिली आणि जन्मभर सुपारीच्या भावावर बोलणारा हा माणूस '०डब्ल्यू-२०'वर बोलू लागला.

गाडी थांबली तरी नाना इंजिन बंद करत नाहीत. "टर्बो निवू दे!" टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर. गाडी झटकन बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत राहिलेलं तेल करपून त्याचा कोळसा होतो. शास्त्र बरोबर आहे; पण ते ताम्हिणी चढून लगेच चहाला थांबणाऱ्या गाडीसाठी. मेथीची जुडी आणायला बाजारात गेलेल्या गाडीचा टर्बो अजून जागासुद्धा झालेला नसतो! नानांना हे कोण सांगणार? सोमजाईच्या देवळात आरती संपते, नाना बाहेर गाडीतच. दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटवाला "इंजिन बंद करा" म्हणून ओरडतो, मागे हॉर्नांचा कल्लोळ, नाना काचेतून एक बोट वर करतात. एकदा भेटायला गेले होते मयताच्या घरी. सगळे माना खाली घालून बसलेले आणि दाराशी घरघर. तेरा दिवसांत न बोललेली म्हातारी म्हणाली, "नाना आलेत. निवले की येतील आत."

स्पेअर पार्टवाल्याशी त्यांचं वैरच. तो म्हणाला, "इथे काय बर्फ पडतो, नाना? जाड घाला, २०डब्ल्यू-४०." नाना कडाडले, "अरे, इंजिनाला नव्वद-शंभर डिग्रीची सवय. आपली पंचवीस डिग्रीची सकाळ म्हणजे त्याला हिमालय! तुझं जाड ऑइल टर्बोपर्यंत पोचेस्तोवर तो कोरडाच फिरायचा. कंपनीने पुस्तकात ग्रेड काय गंमत म्हणून छापलाय?"

त्याच पुस्तकात ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष दिलंय, जे आधी होईल ते. नाना मात्र सहा महिन्यांतच बदलतात. तेवढ्यात गाडी हजारभरही धावलेली नसते. "घर-बाजार-घर करताना इंजिन पुरतं तापत नाही. पेट्रोल नि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि तिथेच राहते." मी हसलो आणि घरी येऊन माझ्या गाडीची पुस्तिका चाळली. बारीक टायपात नानांचीच बाजू लिहिली होती: सतत जवळच्या फेऱ्या असतील तर मुदत कमी. ते पान मी त्यांना दाखवलेलं नाही. उगाच कशाला?

त्यांच्या कॅलेंडरवर ऑइलची तारीख लाल पेनाने लिहिलेली असते. त्याच पेनाने सुपारीच्या रोपांना शेणखत घालायची तारीखही. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळाने त्यांची वाडी आडवी केली. हातात पीक यायला पाच-सात वर्षं तरी लागतात, हे ठाऊक असून साठी उलटलेल्या या माणसाने पुन्हा रोठ्याची रोपं लावली. तेव्हापासून कुठलीही गोष्ट मुदतीपर्यंत ताणायची त्यांची तयारी नाही.

परवा रविवारी पुण्याच्या एका पोराने हौसेने गाडी पुळणीत घातली. चाकं रुतली, वर भरती लागलेली. दोर आणि फळ्या घेऊन धावले ते नानाच. कोळीवाड्यातल्या पोरांनी रेटा दिला, गाडी वर आली. पोराने सुटकेचा निःश्वास टाकून चावी फिरवली.

"बंद केलीस? चालू कर आधी!"

अर्धा तास वाळूत रेस केलेला तो टर्बो त्या दिवशी मात्र खरोखरच तापला होता. पोराने पाचशेची नोट पुढे केली. "ती ठेव खिशात," नाना म्हणाले, "ऑइल कितव्या किलोमीटरला बदललंस?" पोरगं डोकं खाजवू लागलं. नाना त्याला चहाला घरी घेऊन गेले. बिचारा रात्री जेवूनच सुटला.