आणखी पाच वर्षं

आरटीओच्या आवारात लोक शंभर शंका विचारतात, पण गाडी चालवण्याविषयी एकही नाही. ‘आधारवरचा पत्ता जुना आहे, चालेल का?’ ‘डिजिलॉकरमधलं लायसन पोलीस मानतात का?’ (मानतात. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला नुसता फोटो मात्र नाही.) ‘एमएच-12 पासिंगची गाडी नाशिकला नेली तर?’ नंबर तोच राहतो, पत्ता तेवढा बदलून घ्यायचा.

मला गंमत वाटते ती मुदतीची. तिशीच्या आत लायसन काढलं की चाळिशीपर्यंत सरकार तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं मिळतात. पंचावन्न ओलांडली की पाचच. खासगी गाडीची नोंदणीही पंधरा वर्षांनी संपते आणि मग तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. म्हणजे आमचे साठीपुढचे काका आणि त्यांची स्कूटर सरकारदरबारी एका पंगतीला. स्कूटरला वर पर्यावरण कर पडतो, काका त्यातून अजून सुटलेले आहेत.

तपासणी काकांचीही होते. चाळिशीनंतर डॉक्टरांकडून फॉर्म 1-ए भरून आणावा लागतो. हा कागद निवांत वाचण्यासारखा आहे. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट दिसते का? तीव्र रंगांधळेपणा आहे का? (लाल-हिरवा ओळखल्यावर काय करता, हे विचारलेलं नाही.) नेहमीचे आवाजी इशारे ऐकू येतात का? आता संध्याकाळी सहा वाजता लक्ष्मी रोडवर ते ऐकू न येणाऱ्या माणसाला सवलत द्यावी की शिक्षा, मला ठरवता येत नाही. शिवाय ओळखखुणा. काका उजव्या कोपरावरचा व्रण लिहितात. तो कशाने झाला, याला रकाना नाही. स्कूटरच्या उजव्या अंगालाही त्याच दिवसाचा पोचा आहे.

यंदा दोघांची मुदत एकाच वर्षात संपतेय. स्कूटरची मार्चात, काकांची जूनमध्ये.

“आधी स्कूटरचं बघा,” काकू म्हणाल्या. “उशीर झाला तर तिचा दंड महिन्यागणिक वाढतो.”

“आणि माझं?”

“तुमचं वर्षभर राहिलं तरी चालतं. त्यापुढे गेलं तर टेस्ट द्यावी लागते म्हणे. पुन्हा आठ काढायचा.”

काकांनी त्याच संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतली.