आमच्या घरचा दिवाळी अंक

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाला फराळासोबत काहीतरी वाचायला लागतं. आमच्या घरचा दिवाळी अंक मात्र ऐकायचा असतो. भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं उरकली की आंबिवलीच्या आमच्या बाहेरच्या खोलीत तो प्रकाशित होतो. संपादक आई. वय ७८. कान जरा कमी झालेत, पण परदेशच्या बातमीतली थाप तिला बरोबर ऐकू येते. त्या वर्षात जो जो देशाबाहेर जाऊन आला तो लेखक. मानधन नाही, उलट चॉकलेटं लेखकानंच आणायची. मी उपसंपादक, कारण मी कुठेच गेलेलो नसतो.

विलायतेत नाताळच्या कार्डासोबत वर्षभराच्या घरगुती बातम्यांचं पत्र पाठवायची पद्धत आहे. माझ्या लंडनच्या बहिणीला तिच्या शेजारणीकडून असं पत्र येतं. मुलीला पदवी मिळाली, उन्हाळ्यात पोर्तुगालला गेलो, बाग छान फुलली, कुत्रा मजेत आहे. बहिणीनं एकदा फोनवर ते सबंध वाचून दाखवलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सगळं चांगलंच? मग बातमी कुठाय?”

आमच्या अंकाचं धोरण हे असं आहे. पोट बिघडलं, बॅग हरवली, कोणाचं कोणाशी वाजलं, किती पैसे गेले आणि त्या पैशात इथे काय आलं असतं, हे आधी सांगायचं. डोंगर-दऱ्या शेवटी, जागा उरली तर.

२०२५च्या अंकातला मुख्य लेख दादा-वहिनींचा युरोप. त्याची तयारी आदल्या दिवाळीपासूनच सुरू होती. शेंगेन व्हिसाला एका माणसाचे ९० युरो, ३०,००० युरोंचा प्रवासी विमा, बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रं आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो. त्या फोटोत हसायचं नाही. स्टेशनाजवळच्या स्टुडिओवाल्यानं आयुष्यभर लोकांना “जरा हसा” सांगितलेलं. दादाला तो “हसू नका, हसू नका” म्हणायला लागल्यावर दोघांनाही हसू आवरेना. शेवटी आला तो फोटो बघून आई म्हणाली, “याला कोण घेईल देशात?”

मग बोटांचे ठसे. दादाचे लगेच उमटले. वहिनींचे काही केल्या मशीन घेईना. तिथल्या मुलीनं हात पुसायला लावले, पुन्हा दाबायला लावले, तरी नाही. वहिनी तिला म्हणाल्या, “अगं, तीस वर्षं भांडी घासलीयेत. ठसे काय, रेषासुद्धा राहिल्या नाहीत.” शेवटी उमटले कसेबसे. पण ही बातमी वहिनींनी त्याच संध्याकाळी आईला फोनवर सांगितली आणि आईनं ती अंकासाठी राखून ठेवली. इतकी, की स्वित्झर्लंड ऐन रंगात आलेलं असताना तिनं मध्येच थांबवून विचारलं, “ते ठशाचं सांगितलंस का गं सगळ्यांना?”

थंडीच्या कपड्यांची खरेदी एप्रिलमध्ये, उल्हासनगरात. बाहेर ऊन असं की रिक्षाच्या सीटवर टेकवत नव्हतं. आत दुकानदार दादाला आतून लोकर लावलेली जाकिटं एकावर एक चढवून दाखवत होता. दादाचा घाम हनुवटीवरून ठिबकत होता. दुकानदार कॉलर चाचपत म्हणाला, “साहेब, गरम होतंय ना? म्हणजे माल चांगला आहे.” यावर घासाघीस काय करणार? दादानं दोन्ही जाकिटं मुकाट्यानं घेतली.

बॅगा भरल्यावर वजनाचा प्रश्न आला. माणशी २३ किलो. घरात काटा नाही. वहिनींनी गल्लीत आलेल्या भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं आपल्या लटकत्या काट्याला बॅग अडकवली आणि सवयीनं विचारलं, “पेपर है क्या?” मग वजन सांगितलं, वीस किलो. दादा खूश. तीन किलो जागा आहे म्हणून भाजणी, लाडू आणि मेतकूट वाढवलं. विमानतळावर तीच बॅग सव्वीस भरली. भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं की कमीच भरणार, हे रद्दी विकणाऱ्या घराला कळायला हवं होतं. तिथेच बॅग उघडावी लागली, तेव्हा सुक्या खोबऱ्याची चटणीही वर आली. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इनच्या सामानात चालत नाही. वहिनींना हे पटलं नाही. “चटणीनं कधी विमान पेटलंय का?” असं त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. चटणी राहिली आंबिवलीत, म्हणजे सोडायला गेलेल्या माझ्या पिशवीत, आणि दादा-वहिनी इटलीत पोचेपर्यंत संपली. अंकात माझं योगदान एवढंच.

आता मुख्य स्थळ, युंगफ्राउयोख. उंची ३,४५४ मीटर. आई मीटरमध्ये मोजत नाही. “कळसूबाईच्या किती?” दादानं हिशोब केला. कळसूबाई १,६४६. “दोन कळसूबाया आणि वर थोडं.”

“दिसलं काय?”

इथे दादा अडखळला. कारण त्या दिवशी वर धुकं होतं. काचेपलीकडे पांढरं, अलीकडे पंजाबी पर्यटक. वर एक भारतीय रेस्टॉरंट आहे, तिथे डाळ-भात खाऊन ही मंडळी खाली आली. वहिनींनी मला नंतर सांगितलं, “धुकं बघून हे निराश नाही झाले हो, घाबरले. मला म्हणाले, आता आईला काय सांगायचं?”

आमच्या घरातून परदेशात जाणाऱ्या प्रत्येकाची हीच गत. हौसेनं जातात, स्वतःचे पैसे खर्चून जातात, पण तिथे पोचले की त्यांचे डोळे त्यांचे राहत नाहीत. पॅरिसला पाव कितीला मिळतो, व्हेनिसच्या पाण्याला वास येतो का, बसचा ड्रायव्हर कुठल्या जातीचा (हे आईला विचारू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं), हे सगळं आंबिवलीतल्या एका पलंगासाठी टिपून घ्यायचं. फोटो आईला चालत नाहीत. मोबाइल हातात घेऊन लांब धरते आणि म्हणते, “हे कॅलेंडरवर असतं. तू सांग.”

धुक्यातून सुटायला दादानं रेल्वेचा आधार घेतला. वर जाणारी गाडी १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं खपून बांधली, डोंगराच्या पोटातून बोगदा काढून. काही ठिकाणी चारला एक असा चढ.

हे तो चुकीच्या माणसाला सांगत होता. बाबा कल्याणच्या लोको शेडमध्ये होते. आई त्यांच्याइतकीच रेल्वेची.

“थळ घाट कधीचा?” आईनं विचारलं.

कोणी बोलेना. १ जानेवारी १८६५ला इगतपुरीपर्यंत गाडी गेली, हे या घरात पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलेलं आहे. मीच सांगितलं.

“चढ?”

“सदतीसला एक.”

“आणि तुमच्या त्या गाडीला चाकं कशी?”

दादा म्हणाला, दातेरी. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी असते, तिच्यात चाकाचे दाते अडकतात, म्हणून घसरत नाही.

“दाते लावून कोणीही चढेल,” आई म्हणाली. “आमची गाडी कसाऱ्याला मागून इंजिन लावून चढते, पण गुळगुळीत रुळांवरून.” स्वित्झर्लंड त्या क्षणी संपलं. वहिनींनी चॉकलेटं काढली. तिकोनी टॉब्लरोनच्या खोक्यावर पूर्वी मॅटरहॉर्न शिखर असायचं. काही उत्पादन स्लोव्हाकियात नेल्यामुळे स्विस नियमांप्रमाणे २०२३मध्ये ते काढावं लागलं. दादानं हेही सांगितलं. आई म्हणाली, “म्हणजे तिथेही डोंगर दिसला नाही.”

दादानं शेवटचा प्रयत्न सहानुभूतीचा केला. विमानात पाय पसरायला जागा नव्हती, नऊ तास गुडघे मुडपून बसलो. यावर आईनं कल्याण काढलं. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ला कल्याणला जन्मल्या. त्याच वर्षी, दादाच्या दुर्दैवानं, थळ घाट सुरू झालेला. एप्रिल १८८३मध्ये अठरा वर्षांची ही पोर कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. नऊवारी नेसून थंडीत डॉक्टर झाली, १८८६ साली. तिच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. “दोन महिने बोटीत,” आई म्हणाली. “आणि आपल्या पुढच्या स्टेशनापलीकडची होती ती. गुडघ्याचं एक अक्षर लिहिलं नाही.” आईनं ‘आनंदी गोपाळ’ टीव्हीवर पाहिल्यापासून आमच्या घरात विमानप्रवासाबद्दल तक्रार करायची सोय राहिलेली नाही.

बाकीचे लेख छोटे. मामी दुबईला जाऊन आल्या. बुर्ज खलिफा, ८२८ मीटर, १६३ मजले. आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. आईनं एकच प्रश्न विचारला, “वीज गेली की वरच्यांचं दूध कोण नेऊन देतं?” मामींनी हा मुद्दा तिथे काढला नव्हता. लेख साभार परत.

लंडनच्या बहिणीनं तिकडचा गणपती सांगितला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे आईपेक्षाही जुनं. तिथे आरती टाळांवर, सगळी कडवी पाठ, मुलं सोवळ्यात, उकडीचे मोदक. आमच्या गल्लीत त्याच दहा दिवसांत स्पीकरवर काय वाजत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई म्हणाली, “म्हणजे गणपती बघायला लंडनला गेलं पाहिजे.” ही बातमी मात्र पहिल्या पानावर.

भाचा म्युनिकला असतो. तो दिवाळीला आला नाही. तो व्हिडिओवरून हजेरी लावतो आणि दरवर्षी एकच बातमी देतो, “थंडी आहे, आजी.” त्याच्याकडून काही निघत नाही, म्हणून आई थेट म्हणते, “फ्रिज उघड.” तो फोन घेऊन फ्रिजपाशी जातो. आत एक अर्धा कांदा, झाकण नसलेलं दही, मोहरीच्या सॉसची बाटली आणि दिवाळीच्या पार्सलमधला चिवडा. चिवडा फ्रिजमध्ये! आईला त्याच्या नोकरीचं, खोलीचं आणि लग्नाच्या तयारीचं जे काय कळायचं ते तेवढ्यात कळलं. म्युनिक शहराबद्दल तिनं आजवर काहीही विचारलेलं नाही.

चुलतभावाचा मुलगा मित्रांबरोबर थायलंडला गेला होता. नोव्हेंबर २०२३पासून थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीतल्या तरुणांना बुद्धमंदिरांची अचानक ओढ लागली आहे. त्यानं मंदिरांचेच फोटो दाखवले. एका फोटोवर त्याचं बोट घसरलं आणि पुढचा फोटो आला. खोलीत क्षणभर फक्त पंख्याचा आवाज. “हेही मंदिरच का रे?” आईनं विचारलं, आणि त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे एकदा बघून ती बातमी संपादकीय अधिकारात दाबून टाकली.

अंक निघाला की वितरण. पहिली प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला. त्यात दादा धुक्यात अडकला होता. दुसरी भजनी मंडळाला. त्यात बर्फ पडायला लागला. तिसरी संकष्टीला टिटवाळ्याच्या रांगेत, आणि तोपर्यंत मोठा मुलगा तीन कळसूबायांएवढ्या डोंगरावर बर्फातून चालत गेलेला असतो. रांगेतल्या बायका हात जोडून ऐकतात. मी शेजारी उभा असतो, पण दुरुस्ती करत नाही. उपसंपादकाचं काम आवृत्ती वाढवायचं, खप कमी करायचं नाही.

२०२५चा अंक संपता संपता एक अनपेक्षित घोषणा झाली. आठ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं होतं. विमानं सुटायची होती, पण दादाच्या डोक्यात नकाशे सुरू झाले होते. आईनं उशीखालून एक निळं पुस्तक काढलं. पासपोर्ट. ती ठाण्याला जाऊन कधी आली, माझ्या बायकोशिवाय कोणाला पत्ता नाही. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं होतं, “आजी, कुठे जाणार?” ती म्हणाली होती, “कुठे नाही. पण ही मंडळी नीट बघून येत नाहीत, एखाद्या वेळी स्वतः जाऊन खात्री करावी लागेल.” पोलिसानं चहा घेतला, सही घेतली आणि जाताना विचारलं म्हणे, युंगफ्राउला खरंच डाळ-भात मिळतो का.

सगळे एकदम बोलायला लागले. दादा म्हणाला आईला स्वित्झर्लंडला नेतो, उन्हाळ्यात आकाश मोकळं असतं. बहीण म्हणाली लंडनच. मामी दुबई म्हणाल्या, पाय कमी दुखतात. आईनं हात वर केला आणि पुढच्या वर्षीची कामं वाटून दिली.

“युरोप पुरे. दोन वर्षं तेच ऐकतेय. दादा, तू जपानला जा, तिथली गाडी कशी चालते ते नीट बघून ये. मामी, त्या दुधाचा निकाल लाव. आणि त्या म्युनिकवाल्याला सांगा, चिवडा डब्यात काढ.” मग माझ्याकडे वळली. “तू जानेवारीतल्या अंगारकीला टिटवाळ्याला जा. गर्दी किती होती, कोण भेटलं, प्रसाद कसा होता, सगळं सांगायचं. इतकी वर्षं उपसंपादक म्हणून फुकट बसलायस.”

“आणि तुझा पासपोर्ट?” मी विचारलं.

“तो राहू दे जवळ,” आई म्हणाली. “तुम्हाला धाक हवा.”