फेरेवाले अण्णा

स्कूटरच्या मीटरवर विश्वास ठेवणारी माणसं अण्णांच्या मते भोळी. ‘अहो, मीटर फक्त चाकाचे फेरे मोजतं, किलोमीटर आपले अंदाजानं सांगतं,’ हे आमच्या सोसायटीत प्रत्येकानं हेल्मेट काढायच्या आत एकदा तरी ऐकलेलं आहे.

त्यांची मोजणी बघण्यासारखी असते. टायरवर खडूची रेघ, तिच्या बरोबर खाली फरशीवर दुसरी. स्कूटर हळूहळू पुढे ढकलायची आणि फेरा पुरा झाला की टेप लावायची. टायरवर ९०/१००-१० लिहिलंय, म्हणजे व्यास ४३४ मिलिमीटर, परीघ सुमारे १.३६ मीटर, किलोमीटरला ७३३ फेरे. हे झालं कागदावर. गाडीवर माणूस बसला की टायर दबतो आणि फेरे वाढतात. म्हणून मोजणीला काकू मागच्या सीटवर लागतात, भाजीच्या भरल्या पिशवीसकट. संकष्टीला मोजणी बंद. ‘उपासानं वजनात फरक पडतो,’ असं अण्णांचं म्हणणं. पडतोच, पण साबुदाण्याची खिचडी पाहता कोणत्या बाजूला, ते काकूंना ठाऊक!

१८४७ साली अमेरिकेत मॉर्मन लोकांच्या तांड्याबरोबर निघालेला विल्यम क्लेटन गाडीच्या चाकाचे फेरे मोजत चालला होता; ३६० फेरे झाले की एक मैल. एका दिवसात त्यानं ४,०७० मोजले आणि कंटाळून पुढं त्यासाठी यंत्र करवून घेतलं. मी हे मोठ्या कौतुकानं अण्णांना सांगितलं. ‘आळशी,’ अण्णा म्हणाले.

त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे मायलेजची बढाई मारणारा. शेजारचे एकदा बोलून गेले, ‘गाडी जुनी झाली, पण हल्ली पंचावन्न देते.’ अण्णा लगेच उकिडवे बसले आणि टायरवरून बोट फिरवलं. ‘गुळगुळीत! झिजून लहान झालाय. तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतो, मीटर जास्त दाखवतं. दोन टक्के वजा करा.’ शेजाऱ्यांचं पेट्रोल होतं तेवढंच राहिलं, लिटरमागे एक किलोमीटर मात्र उभ्या उभ्या गेला. वर नव्या टायरचा खर्च बसला तो वेगळाच.

अलीकडे अण्णांचं लक्ष रिक्षांकडे वळलंय. तिथंही हिशोब तोच, टायर झिजला की भाडं पळतं. खिशात खडू आणि टेप घेऊन ते कोपऱ्यावर दिसले, की स्टँडवरच्या झाडून सगळ्या रिक्षांना त्याच क्षणी गॅस भरायला जायचं असतं.